घट जोडला, पण मीटर हलत नाही: डॅनियल घट, बॅटरी आणि इंधन घट नीट जोडण्याची रीत

पुस्तकातली डॅनियल घटाची आकृती सोपी दिसते. एकीकडे जस्त, दुसरीकडे तांबे, मध्ये क्षारसेतू, वर तार. ती पाहून घट जोडला की मात्र मीटर कधी शून्य दाखवतो, कधी अर्ध्या व्होल्टपाशी घुटमळतो, तर कधी चांगले १.१ व्होल्ट दाखवूनही त्यावर साधा एलईडी लागत नाही. तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत. बहुतेक वेळा चूक शेवटच्या जोडणीत नसते, ती तयारीत किंवा क्रमात झालेली असते. तेव्हा मधले टप्पे गाळून थेट मल्टिमीटर हातात घेऊ नका.

आधी एवढे पक्के करा

जस्ताचा तुकडा थेट मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात बुडवला तर तो काळवंडतो, मग त्यावर तांब्याचा लालसर तपकिरी, भुसभुशीत थर चढतो. निळा रंग हळूहळू फिका पडतो, द्रावण किंचित कोमट लागते. प्रक्रिया झाली, ऊर्जा सुटली, पण तारेतून काहीच वाहिले नाही. जस्ताच्या अणूने सोडलेले दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाने तिथल्या तिथे उचलले.

घट म्हणजे हीच देवघेव दोन भांड्यांत फोडून ठेवणे. देणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि इलेक्ट्रॉनला जायला वाट एकच, बाहेरच्या तारेची. मात्र इलेक्ट्रॉन निघून गेले की जस्ताच्या भांड्यात धन आयन साठतात आणि तांब्याच्या भांड्यात ऋण आयन उरतात. हा असमतोल तत्काळ प्रवाह थांबवतो. तो फेडण्यासाठी आयनांना द्रावणातून वाट लागते, ती क्षारसेतू देतो. त्यातून इलेक्ट्रॉन जात नाहीत.

पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक चूक या दोन वाटांपैकी एकीची आहे: इलेक्ट्रॉनला आडवाट मिळाली किंवा आयनांची वाट अडली.

सावध: ॲनोड आणि कॅथोड धन-ऋण चिन्हांवरून ओळखू नका. जिथे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडले जातात, तो ॲनोड; जिथे क्षपण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतले जातात, तो कॅथोड. घट वीज देत असतो तेव्हा ॲनोड ऋण असतो. बाहेरून वीज देऊन अपघटन करतो तेव्हा ॲनोड धन असतो. प्रक्रिया पाहा, चिन्ह आपोआप कळते.

टप्पा १: साहित्य

- १०० ते १५० मिलिलिटरचे दोन काचेचे बीकर
- जस्ताची आणि तांब्याची पट्टी
- मोरचूद, झिंक सल्फेट, पोटॅशियम नायट्रेट, अगर पावडर (जेलीसारखी गोठणारी)
- ऊर्ध्वपातित पाणी
- पॉलिश पेपरचे दोन वेगळे तुकडे
- डिजिटल मल्टिमीटर, क्लिपा लावलेल्या तारा, १००० ओहमचा एक रोधक
- हातमोजे आणि चष्मा

पट्ट्यांबाबत कंजुषी नको. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड दिसायला जस्तासारखेच असते, पण कापलेल्या कडेला लोखंड उघडे पडते आणि रीडिंग खाली येते. तांब्याऐवजी पितळ चालणार नाही, कारण त्यात जस्त असते. मोटारीच्या वेटोळ्यातली तांब्याची तार घेणार असाल तर तिच्यावरचा पारदर्शक वार्निशचा थर घासून पूर्ण काढा. तो डोळ्यांना दिसत नाही आणि तार विद्युतरोधी करून टाकतो. मीटर शून्यावर असण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे.

सावध: मोरचूद विषारी आहे. खाण्यापिण्याची भांडी, चमचे, बाटल्या वापरू नका. ॲल्युमिनियमचे भांडे तर नकोच, ते स्वतःच प्रक्रियेत उतरते.

टप्पा २: द्रावणे

बहुतेक ठिकाणी १ मोलर (एका लिटरमध्ये एक मोल पदार्थ) द्रावणे सांगितलेली असतात. मी अर्ध्या मोलरचीच सुचवतो. दोन्ही बाजू सारख्या असल्या की व्होल्टेज तेच येते, आणि रसायन निम्मेच लागते.

१. मोरचुदाचे १२.५ ग्रॅम निळे स्फटिक सुमारे ७० मिलिलिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. गार झाल्यावर पाणी घालून एकूण १०० मिलिलिटर करा.
२. झिंक सल्फेटचे १४.४ ग्रॅम स्फटिक तसेच विरघळवून १०० मिलिलिटर करा.

इथे चूक होते ती स्फटिकातल्या पाण्याची. वरचे आकडे पाण्याचे पाच रेणू असलेल्या मोरचुदासाठी आणि सात रेणू असलेल्या झिंक सल्फेटसाठी आहेत. बाटलीत पांढरी, निर्जल कॉपर सल्फेटची पूड असेल तर ८ ग्रॅम पुरे. झिंक सल्फेट एकच रेणू पाण्याचे असेल तर ९ ग्रॅम. लेबल वाचल्याशिवाय तोलू नका.

नळाचे पाणी वापरले की द्रावण गढूळ होऊ शकते, कारण पाण्यातल्या कार्बोनेटबरोबर साका तयार होतो. घट त्यावरही चालेल, पण नंतर रीडिंग का हलते आहे याचा शोध घेताना तुमच्या संशयितांत एक जास्तीचा वाढेल.

तपासा: दोन्ही द्रावणे नितळ हवीत. तळाशी एकही स्फटिक उरलेला नको.

टप्पा ३: क्षारसेतू

सगळ्यात जास्त घट इथे फसतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या. हा सेतू आदल्या दिवशी केला तरी चालतो.

१. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळवा. यातले अर्धे बाजूला काढून ठेवा, नंतर लागेल.
२. उरलेल्या अर्ध्यात दीड ग्रॅमच्या आसपास अगर भुरभुरवा आणि ढवळत ढवळत उकळी येऊ द्या. पांढुरकेपणा जाऊन मिश्रण पारदर्शक दिसेपर्यंत आच बंद करू नका. अर्धवट विरघळलेला अगर नळीत नीट धरत नाही, घसरून बीकरमध्ये पडतो.
३. काचेची यू नळी तोंडे वर करून धरा आणि गरम मिश्रण ड्रॉपरने एकाच तोंडातून हळू सोडा. दोन्ही तोंडांतून ओतले की मध्ये हवा कोंडते.
४. काठोकाठ भरा. गार होताना अगर थोडा आकसतो, तेव्हा वरून दोन थेंब आणखी घाला.
५. घट्ट झाल्यावर नळी उजेडात धरून फिरवून पाहा.

त्या शेवटच्या पाहण्यात सगळे आले. नळीच्या आडव्या भागात मोहरीएवढा बुडबुडा असेल आणि भोवती अगर असेल, तर चालून जाईल, फक्त रोध वाढेल. पण बुडबुड्याने नळीची पूर्ण रुंदी व्यापली असेल तर आयनांची वाट तुटली. बाहेरून सेतू अगदी व्यवस्थित दिसतो आणि मीटर मात्र ढिम्म. अशी नळी पुन्हा गरम पाण्यात धरून रिकामी करा आणि नव्याने भरा.

वेळ नसेल तर गाळणकागदाची जाड घडी पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून दोन बीकरवर टाका. झटपट काम होते, मात्र कागद मध्यभागी वाळू लागला की रीडिंग भरकटते. साधे मीठही या जस्त-तांब्याच्या जोडीत चालते. चांदी किंवा शिशाचे आयन असलेल्या घटात मात्र ते वापरू नका, क्लोराइडमुळे सेतूच्या तोंडाशी साका बसतो.

सावध: पोटॅशियम नायट्रेट ज्वलनाला मदत करते. सुकी पूड आचेजवळ ठेवू नका.

टप्पा ४: पट्ट्या घासणे

हवेत पडून राहिलेल्या जस्तावर आणि तांब्यावर ऑक्साइडचा थर असतो. तो वापरण्याच्या अगदी आधी घासून काढायचा, आदल्या दिवशी नाही. जस्तासाठी एक पॉलिश पेपर, तांब्यासाठी दुसरा. तांबे घासलेला कागद जस्तावर फिरवला की तांब्याचे कण जस्तात रुततात, आणि द्रावणात गेल्यावर प्रत्येक कण शेजारच्या जस्ताबरोबर स्वतःचा छोटासा घट चालवू लागतो. जस्त झिजते, तारेला काही मिळत नाही.

घासल्यावर पाण्याने धुवा, कागदाने टिपा. त्यानंतर बुडणाऱ्या भागाला बोट लावू नका.

टप्पा ५: जोडणी, याच क्रमाने

१. दोन्ही बीकरमध्ये द्रावणे सारख्या उंचीपर्यंत ओता. पातळ्या वेगळ्या असल्या तर सेतूतून, विशेषतः कागदाच्या, द्रावण एकीकडून दुसरीकडे ओढले जाते.
२. जस्त झिंक सल्फेटमध्ये, तांबे मोरचुदात. हे उलटे होऊ शकते, हसू नका. जस्त निळ्या द्रावणाला लागले तर लगेच काढा, धुवा आणि पुन्हा घासा.
३. क्लिपा पट्टीच्या कोरड्या भागाला लावा. क्लिप द्रावणात बुडाली तर तिचा धातूही घटाचा भाग होतो.
४. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. लाल तार तांब्याला, काळी जस्ताला.
५. आता मीटरकडे पाहा. सेतू अजून नाही, म्हणून स्थिर व्होल्टेज दिसता कामा नये. शून्य किंवा शून्याजवळ तरंगणारा आकडा असेल.
६. शेवटी सेतू उलटा करून एक टोक इकडे, एक तिकडे बुडवा.

सेतू टेकताच आकडा उडी मारून १.०५ ते १.१० व्होल्टवर स्थिरावला पाहिजे. पाचवी पायरी लोकांना फालतू वाटते, पण तीच खरी परीक्षा आहे. सेतू घालण्याआधीच जर भक्कम व्होल्टेज दिसत असेल तर दोन बीकरमध्ये कुठून तरी ओलावा जोडला गेला आहे, बहुधा खाली सांडलेल्या द्रावणातून. टेबल पुसा, बीकर कोरडे करा.

सावध: मीटर अँपिअरच्या रेंजवर ठेवून थेट घटाला लावू नका. त्या रेंजवर मीटरचा रोध नगण्य असतो, म्हणजे तुम्ही घटाची दोन टोके जोडून टाकता. या अशक्त घटाचे फार बिघडणार नाही, पण हीच सवय लिथियम-आयन किंवा शिसे-आम्ल बॅटरीवर गेली तर मीटरचा फ्यूज उडेल किंवा तार तापून पेटेल.

टप्पा ६: रीडिंग पटत नसेल तर

शून्य: सेतूतला बुडबुडा, वार्निश न काढलेली तार, सैल क्लिप. याच क्रमाने शोधा.

उणे चिन्ह: काही बिघडलेले नाही. मीटरच्या तारा उलट्या लागल्या आहेत.

०.९ च्या आसपास किंवा खाली: पट्ट्यांचे घासणे अपुरे आहे, धातू शुद्ध नाही किंवा तांब्याचे आयन जस्ताच्या बाजूला पोहोचले आहेत. जस्ताची पट्टी वर काढून पाहा. काळे डाग दिसले तर कारण तेच.

आकडा सतत घसरतो: सेतू वाळतो आहे किंवा मीटरखेरीज वीज घेणारे आणखी काही जोडलेले आहे.

सगळे ठीक असेल तर एक पडताळा घ्या. जस्ताचा प्रमाणित विभव (१ मोलर द्रावणात, हायड्रोजनच्या तुलनेत मोजलेला) उणे ०.७६ व्होल्ट, तांब्याचा अधिक ०.३४, फरक १.१० व्होल्ट. आता तांब्याच्या बाजूचे द्रावण दसपट विरल करा. २५ अंश सेल्सिअसला व्होल्टेज सुमारे ०.०३ व्होल्टने उतरेल. मूळ द्रावण परत ठेवून जस्ताची बाजू दसपट विरल केली तर तेवढेच चढेल. दोन्ही बाजू एकदम विरल केल्या तर जवळजवळ काहीच बदलणार नाही, कारण घट दोन्ही द्रावणांच्या संहतींचे (किती दाट याचे) गुणोत्तर पाहतो. मोठी पट्टी लावल्याने व्होल्टेज वाढेल ही समजूतही इथेच निकालात काढा: पट्टी अर्धी वर उचला, आकडा हलत नाही.

टप्पा ७: व्होल्टेज आहे, मग दिवा का लागत नाही?

डिजिटल मल्टिमीटर घटाकडून जवळपास काहीच प्रवाह घेत नाही. त्यामुळे त्यावर दिसलेले १.१ व्होल्ट म्हणजे घट किती ढकलू पाहतो, एवढेच. किती प्रवाह देऊ शकतो हे अंतर्गत रोधावर, म्हणजे घटाच्या आतल्याच रोधावर, ठरते, आणि या घटात तो प्रामुख्याने सेतूचा असतो.

मोजायला सोपे आहे. आधी मीटरखेरीज काहीही न जोडलेल्या घटाचे व्होल्टेज लिहून घ्या. मग १००० ओहमचा रोधक दोन पट्ट्यांमध्ये जोडा आणि रोधकाच्या टोकांवर पुन्हा मोजा. समजा १.०८ चे ०.७२ झाले. प्रवाह ०.७२ भागिले १०००, म्हणजे ०.७२ मिलीअँपिअर. आत हरवलेले व्होल्टेज ०.३६. त्याला प्रवाहाने भागा: अंतर्गत रोध ५०० ओहम.

सहा मिलिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब सेतूला काहीशे ओहम रोध असणे अगदी स्वाभाविक आहे. लांबी निम्मी केली तर सेतूचा रोध निम्मा होतो, व्यास दुप्पट केला तर चौथाई. म्हणून आखूड, जाड सेतू करा. त्याहून बरे, मोठ्या बीकरमध्ये मोरचूद आणि तांबे ठेवून आत बिनझिलईचे सच्छिद्र मातीचे भांडे ठेवा, आणि त्यात झिंक सल्फेट व जस्त. अंतर आणि रोध दोन्ही एकदम खाली येतात.

एक सामान्य अपेक्षाभंग: तासभर घट चालवून पट्ट्यांचे वजन करायचे आणि फरक दिसला नाही म्हणून प्रयोग फसला असे मानायचे. १ मिलीअँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर फक्त सव्वा मिलिग्रॅम जस्त विरघळते. साध्या तराजूला ते कळणारच नाही.

टप्पा ८: एकापेक्षा जास्त घट, म्हणजे बॅटरी

तीन पूर्ण घट तयार करा. पहिल्याचे तांबे दुसऱ्याच्या जस्ताला, दुसऱ्याचे तांबे तिसऱ्याच्या जस्ताला जोडा. उरलेल्या दोन टोकांवर सुमारे ३.३ व्होल्ट मिळायला हवेत. लाल एलईडीला १.८ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून एका घटावर तो कधीच लागत नाही आणि दोनांवर अंधुक दिसतो. एलईडीचा लांब पाय तांब्याच्या टोकाला लावा. एकसर जोडणीत अंतर्गत रोधही तिप्पट होतो, त्यामुळे प्रकाश मंदच असेल. खोलीत अंधार करून पाहा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी की जागा आणि द्रावण वाचवायला जस्त-तांब्याच्या दोन-तीन जोड्या एकाच भांड्यात बुडवून त्या एकसर जोडल्या जातात. व्होल्टेजची बेरीज होत नाही. सामायिक द्रावणातून आयन एका जोडीतून दुसऱ्या जोडीत जातात आणि मधले घट आतल्या आत निकामी होतात. प्रत्येक घटाला स्वतःची, इतरांपासून पूर्ण तुटलेली द्रावणे हवीत. लिंबांच्या घटातही हेच: एक जोडी, एक लिंबू. (आणि ती वीज लिंबाची नसते. जस्त विरघळते, हायड्रोजन आयन इलेक्ट्रॉन घेतात, तांबे फक्त जागा देते.)

विकतच्या बॅटरीत तत्त्व तेच, रसायन वेगळे. अल्कलाइन घट १.५ व्होल्ट, निकेल-मेटल हायड्राइड १.२, शिसे-आम्ल सुमारे २.१, लिथियम-आयन साधारण ३.६ ते ३.७. आकार वाढवला तर साठा वाढतो, व्होल्टेज नाही. पूर्ण चार्ज झालेल्या मोटारीच्या बॅटरीत १२.६ व्होल्ट दिसतात ते सहा घटांचे.

जुने आणि नवे सेल एकत्र का घालू नयेत, याचे उत्तरही एकसर जोडणीत आहे. सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. जुना सेल संपला तरी नवे सेल त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, तो उलट दिशेने चार्ज होऊ लागतो, आत वायू तयार होतो आणि सेल गळतो.

सावध: चार्ज न होणारे सेल चार्जरला लावू नका. लिथियमचा कोणताही सेल उघडू, टोचू किंवा वाकवू नका.

टप्पा ९: पेन्सिलींचा इंधन घट

बॅटरीत इंधन आत कोंडलेले असते, इंधन घटात ते बाहेरून येत राहते. बाकी इलेक्ट्रॉनची वाट आणि आयनांची वाट हा हिशेब जसाच्या तसा लागू आहे.

१. २०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम सोडियम सल्फेट विरघळवा.
२. दोन ६बी पेन्सिली दोन्ही टोकांना तासा. पुठ्ठ्याला दोन भोके पाडून त्यात रोवा. खालची टोके द्रावणात हवीत आणि एकमेकांना न लागणारी.
३. ९ व्होल्टची बॅटरी दोन-तीन मिनिटे जोडा. ऋण टोकाच्या पेन्सिलीवर हायड्रोजन, धन टोकाच्या पेन्सिलीवर ऑक्सिजन. हायड्रोजनचे बुडबुडे जास्त दिसतील, कारण आकारमान दुप्पट असते.
४. बॅटरी पूर्ण काढा. पेन्सिलींना धक्का लावू नका. त्यांना चिकटलेले बुडबुडे हेच तुमचे इंधन.
५. मीटर लावा. लाल तार ऑक्सिजनच्या पेन्सिलीला.

पहिल्या काही सेकंदांत १.२३ व्होल्टपेक्षा मोठा आकडा दिसला तर हुरळून जाऊ नका, पेन्सिलींवर साठलेला विद्युतभार अजून उतरत असतो. हायड्रोजन-ऑक्सिजन घटाची सैद्धांतिक मर्यादा १.२३ व्होल्ट. आकडा घसरत जाईल, आणि एलईडीची अपेक्षा तर ठेवूच नका. ग्रॅफाइट हा इथे चांगला उत्प्रेरक नाही. खऱ्या इंधन घटात त्यासाठी प्लॅटिनम वापरतात आणि मध्ये फक्त प्रोटॉन सोडणारा पडदा असतो. तरीही प्रवाह देत असताना एका घटाकडून ०.६ ते ०.७ व्होल्टच मिळतात, म्हणून ते शेकडोंनी एकसर रचतात.

तपासा: हायड्रोजनची पेन्सिल आधीही ऋण होती आणि आताही ऋण आहे. पण अपघटनात ती कॅथोड होती, आता ॲनोड आहे. सुरुवातीची व्याख्या चिन्हावर का बांधली नाही, ते इथे मीटरवरच दिसते.

सावध: सोडियम सल्फेटऐवजी मीठ वापरू नका, धन पेन्सिलीवर विषारी क्लोरीन येतो. वायू बंद भांड्यात साठवू नका, जवळ ज्योत नको.

टप्पा १०: आवराआवर

आधी सेतू काढा, मग पट्ट्या. सेतू रात्रभर बीकरमध्ये राहिला तर त्याच्या एका पायात निळा रंग वर चढलेला दिसेल. तो रंग दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच सेतू टाकून द्यायचा. स्वच्छ सेतू बाजूला ठेवलेल्या पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात बुडवून ठेवा.

द्रावणे वेगवेगळ्या बाटल्यांत भरा, नाव, संहती आणि तारीख लिहा. ती अनेकदा वापरता येतात. मोरचुदाचे खराब झालेले द्रावण नाल्यात ओतू नका, तांबे माशांना मारते. त्यात लोखंडी घासणीचा बोळा टाका. लोखंड विरघळते, तांबे त्याच्यावर बसते. निळा रंग पूर्ण गेला की गाळून घ्या आणि गाळ व पाणी दोन्ही प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या. जस्ताची पट्टी धुऊन पूर्ण कोरडी करूनच डब्यात टाका, आणि तांब्याच्या पट्टीपासून वेगळी ठेवा.